सल्ला देणाऱ्या मंडळांवर किती खर्च करायचा, आणि सदस्याच्या हातात काय ठेवायचं?

शहापूरकर (धागाकर्ता)

आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला जिल्ह्यातल्या एका समितीवर याल का म्हणून विचारणा झाली. बाईंनी सरळ विचारलं, "मानधन किती?" लगेच घरातलेच दोघं नाराज. समाजाचं काम, त्यात पैशाची भाषा कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र बाईंचा प्रश्न रास्त वाटला, म्हणून हा धागा.

आपल्या बेळगाव सीमाभागाला आयोग, लवाद आणि समित्या यांची कमी कधीच नव्हती. १९६० साली सीमाप्रश्नावर चार जणांची समिती झाली, दोन महाराष्ट्राचे, दोन म्हैसूरचे (म्हणजे आजच्या कर्नाटकाचे). एकमत झालं नाही, दोन्हीकडच्यांनी आपापले वेगळे अहवाल दिले. मग १९६६ मध्ये सेनापती बापटांचं उपोषण, त्याच वर्षी ऑक्टोबरात सीमाप्रश्नावरच महाजन आयोग, पुढच्या ऑगस्टात अहवाल. कृष्णेच्या पाण्यासाठी आधी बच्छावत लवाद, नंतर ब्रिजेशकुमार. म्हादई नदीच्या पाण्यासाठी पांचाळ लवाद. प्रत्येक वेळी कट्ट्यावर एकच वाक्य ऐकू येतं, "निवृत्त न्यायाधीशांची सोय लावली." चहा संपतो, विषय संपतो.

पण आकडे शेजारी ठेवून बघा. कॅटसारख्या (सरकारी नोकरांच्या नोकरीचे तंटे ऐकणाऱ्या) केंद्रीय न्यायाधिकरणांत २०२१ च्या नियमांप्रमाणे अध्यक्षाला महिना अडीच लाख, सदस्याला सव्वादोन लाख. वर राहायला सरकारी घर. घर देता आलं नाही तर अध्यक्षाला दीड लाखापर्यंत आणि सदस्याला सव्वा लाखापर्यंत घरभाडं द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगितलेलं. आता दुसरं टोक. बालकल्याण समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. एक अध्यक्ष, चार सदस्य. महिन्याला निदान वीस दिवस बसलंच पाहिजे असा कायदा. २०१६ च्या आदर्श नियमांत त्यांचा भत्ता होता बैठकीला किमान दीड हजार, आणि प्रवासखर्च त्याच दीड हजारात धरलेला. पुढे थोडी वाढ झाली, पण ढाचा तोच.

किमान दराने वीस बैठकांचे एका माणसाचे तीस हजार. पाच जणांचे मिळून दीड लाख. म्हणजे टाकलेली, हरवलेली, पळवलेली लेकरं कुठं ठेवायची हे ठरवणाऱ्या पाच माणसांचा महिन्याचा सगळा खर्च न्यायाधिकरणाच्या एका अध्यक्षाच्या घरभाड्याएवढा.

न्यायाधीशांना जास्त मिळतं ही माझी तक्रार नाही. आपण ओरडतो ते वरच्या पगारावर आणि काटकसर करतो ती खालच्या मानधनात, हे मला उलटं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

---

येळ्ळूरचा_तांदूळ

सोय लावली म्हणतात ते काय खोटं नाही ओ. पेन्शन चालू, वर हे. आमच्याकडं भात कापायला माणूस मिळंना आणि इथं बसायचे पैसे!

---

वकीलबुवा

येळ्ळूरकर, निवृत्त न्यायाधीश न्यायाधिकरणावर आला की त्याच्या पगारातून पेन्शनची रक्कम वजा होते. दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. हे बरेचदा विसरलं जातं.

शहापूरकरांनी मात्र तीन वेगळ्या गोष्टी एका टोपलीत घातल्यात. महाजन हा सल्ला देणारा आयोग होता. अहवाल कितीही चांगला असला तरी राज्यांच्या हद्दी बदलायच्या तर संसदेला कायदा करावा लागतो, अनुच्छेद ३. म्हादईचा लवाद १९५६ च्या आंतरराज्य नदी पाणीतंटा कायद्याखालचा. त्याचा निवाडा राजपत्रात आला की सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकं बळ त्याला मिळतं. आणि बालकल्याण समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, ती नुसता सल्ला देत नाही.

हा फरक खर्चाच्या प्रश्नात महत्त्वाचा आहे. निवाडा बंधनकारक असेल तर खर्चाच्या बदल्यात निदान काहीतरी हातात पडतं. चौकशी आयोग कायद्याखालचा अहवाल सरकारवर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच दालमिया प्रकरणात स्पष्ट केलंय. सहा महिन्यांत तो विधिमंडळापुढे ठेवायचा, सोबत काय कारवाई केली त्याचं टिपण जोडायचं, इतकीच सक्ती. टिपणात "शिफारस अमान्य" लिहिलं तरी कायदा पाळला गेला.

---

निपाणीकर

महाजनांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. दहा महिन्यांत काम संपवलेला एकसदस्य आयोग. पैशाच्या हिशेबात याहून स्वस्त काय असणार? महाराष्ट्राने मागितली होती ८१४ गावं आणि बेळगाव शहर. आयोगाने २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं, त्यात आमचं निपाणी, खानापूर, नंदगड. उलट २४७ गावं म्हैसूरला द्या म्हटलं, त्यात जत, अक्कलकोटची नावं. बेळगाव म्हैसूरकडंच. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कारण खेडं हा घटक धरायचा, भाषिक बहुसंख्या आणि सलगता बघायची, ही पाटसकर तत्त्वाची मागणी आयोगाने धरली नाही. कर्नाटक म्हणतं अहवाल अंतिम. बरं, अंतिम म्हणता तर निपाणी कधी दिली? ते पण नाही.

२००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. वीस वर्षांच्या वर झाली. दोन्ही राज्यांचे वकील, विमानाची तिकिटं, दिल्लीतल्या बैठका, सीमाकक्ष, उच्चाधिकार समित्या. हा खर्च महाजन आयोगाच्या नावावर कुणी मांडतं का? दहा महिन्यांचं बिल स्वस्त होतं, खरं बिल अजून येतंच आहे.

---

कणकुंबीचा

वाचूलालो सगळं. आमच्या म्हादईचं सांगतो.

लवाद नेमला २०१० च्या नोव्हेंबरात. निवाडा दिला २०१८ च्या ऑगस्टात. राजपत्रात आला २०२० च्या फेब्रुवारीत. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. त्या १३.४२ मधलं ८.०२ विजेसाठी आणि कळसा-भांडुरा दोन्ही नाले मिळून मलप्रभा नदीत वळवायला ३.९. आणि २०२० नंतर परत कोर्ट, परत वनखात्याची परवानगी. आमच्या गावाजवळ कालवा खणून कितीतरी वर्षं झाली, त्यात पावसाचं पाणी साठतंय आणि म्हशी बसतायत.

लवादाची मंडळी पाहणीला इकडं येऊन गेली. गाड्याच गाड्या, अधिकारी, नकाशे. आमच्यातलं कोण लवादावर असणार नाही हे समजतंय, तिथं न्यायाधीशच पाहिजेत. पण माउलीच्या देवळामागं कुठला झरा कुठल्या महिन्यात आटतो हे ज्याला ठाऊक हाय त्या माणसाला एक दिवस बोलावलं, तर त्याचा रोज कोण देणार? त्या दिवशी त्याचं काजूचं काम बुडणार की नाही?

मला मानधनाचा प्रश्न हितं दिसतोय.

---

वकीलबुवा

कणकुंबीकरांनी नेमकं बोट ठेवलंय. १९५६ च्या कायद्यात अध्यक्ष आणि दोन सदस्य असतात, तिघेही सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, नावं सरन्यायाधीश सुचवतात. पण त्याच कलमात लवादाला सल्ला देण्यासाठी असेसर नेमायची तरतूद आहे. ती जागा व्यवहारात पाटबंधारे अभियंत्यांची मानली जाते. गावातल्या जाणकाराचं नाव त्या जागी कुणी सुचवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तो आला तर साक्षीदार म्हणून, म्हणजे येण्याजाण्याच्या भत्त्यावर.

खर्चाबद्दल: कृष्णेच्या बच्छावत निवाड्यात लिहिलंय की महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र या तिन्ही राज्यांनी आपापल्या वकिलांचा वगैरे खर्च स्वतः सोसायचा आणि लवादाचा खर्च समान वाटून घ्यायचा. म्हणजे लवादाचं बिल एक आणि त्याच्याभोवती राज्यांची बिलं तीन. दुष्काळी अथणीच्या माणसाने भरलेल्या करातून दोन्हीकडं पैसे जातात.

---

अथणीकर

अथणीचं नाव घेतलं म्हणून आलो 😀

आमच्यापासून बेळगाव दीडशे किलोमीटरच्या आसपास. जिल्ह्याची बैठक अकराला ठेवली तर पहाटे निघायचं, घरी यायला रात्र. भत्ता मात्र चन्नम्मा सर्कलला चालत येणाऱ्याला जेवढा, तेवढाच आम्हाला. प्रवास भत्त्यातच धरायचा म्हणजे लांबच्याने स्वतःच्या खिशातून सरकार चालवायचं. मग समितीत कोण उरतं? बेळगाव शहरातले. त्यातही ज्यांचं दुकान मुलगा सांभाळतो असे.

म्हणून बाकी काही करू नका, प्रवासखर्च वेगळा काढा. एवढ्याने निम्मा फरक पडेल.

---

अनगोळची_सून

मी एका जिल्हास्तरीय समितीवर मुदत पूर्ण केलेली आहे. कुठली ते सांगत नाही, लोक ओळखतील.

लोकांना वाटतं की जायचं, सही करायची, चहा प्यायचा. आमच्याकडं प्रत्येक प्रकरणाची फाइल असायची. बैठकीत ती उघडून वाचत बसलं तर दिवसाला दोन प्रकरणंसुद्धा होत नाहीत, म्हणून आदल्या रात्री वाचायची. आदल्या रात्रीचे पैसे नाहीत. घरभेटीला जायचं तर रिक्षा आपली. कानडी कागदांचा सारांश मराठी आईबापांना समजावून सांगायचा, तो वेळ कुठं नोंदवणार? आणि मानधन दर महिन्याला येतं असं समजू नका. अनुदान आलं की येतं. एकदा तर मुदत संपून गेल्यावर मागची बाकी आली.

माझ्यासोबत एक शिकवणी घेणारी मुलगी होती. समाजकार्याची पदवी, हुशार, पोरांशी बोलायची हातोटी अशी की आमच्यासारख्यांना जमणार नाही. संध्याकाळच्या शिकवण्या बुडायला लागल्या आणि तिने सोडलं. तिच्या जागी आले ते गृहस्थ सज्जन होते, त्यांना पैशाची गरज नव्हती, आणि फाइल वाचायचीही गरज वाटत नव्हती.

फुकट काम करणारा माणूस कामाचा जाब देत नाही, हे मी तिथं बसून पाहिलं. त्याला काही म्हणता येत नाही. म्हटलं की "मी काय पगार घेतो का?"

---

चंदगडी

अनगोळच्या ताईंना दुजोरा. आमच्या महाराष्ट्राच्या बाजूला २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. समिती बिनपगारी. पहिली काही वर्षं खरंच चांगलं काम झालं, बांधाची भांडणं, वाटणीची भांडणं कोर्टात न जाता मिटली. गाव तंटामुक्त झालं की गावाला बक्षीस. पण बक्षीस गावाला, राबणारा अध्यक्ष मात्र तसाच. उत्साह ओसरला तसं ते पद पॅनेलमधल्या नाराज माणसाला खूश करायला वापरायला लागले. ग्रामपंचायतीचं तिकीट नाही ना मिळालं, मग घे तंटामुक्ती.

---

येळ्ळूरचा_तांदूळ

बरं, समजलं. खालच्या समित्यांना द्या, माझी हरकत नाही. पण आयोगांचं काय ओ? बैठकीला पैसे दिले तर बैठका वाढणार. महिन्याला दिले तर महिने वाढणार. बाबरी मशीद पाडल्याच्या चौकशीच्या लिबरहान आयोगाला सतरा वर्षं लागली, ४८ वेळा मुदतवाढ. ह्यांना कोण विचारणार?

---

शहापूरकर

लिबरहानचं उदाहरण चांगलं दिलंत, कारण त्यात गंमत आहे. डिसेंबर १९९२ ला नेमला, जून २००९ ला अहवाल, खर्च साधारण आठ कोटी. तेव्हा आठ कोटींवरून केवढा गदारोळ झाला होता. सतराने भागा. वर्षाला पन्नास लाखांच्या आत. एका राष्ट्रीय आयोगासाठी ही रक्कम काही डोळे पांढरे करणारी नाही. सतरा वर्षांत साक्षीदार गेले, सरकारं बदलली, लोकांचं लक्ष उडालं. नुकसान ते आहे, आणि ते कुठल्याच हिशेबाच्या वहीत येत नाही.

उलट मुंबई दंगलीच्या चौकशीचा श्रीकृष्ण आयोग आठवा. १९९३ ला सुरू, १९९६ च्या जानेवारीत सरकारनेच गुंडाळला, काही महिन्यांत परत सुरू केला, १९९८ च्या फेब्रुवारीत अहवाल आला. तिथं वेळ न्यायमूर्तींनी वाया घालवला असं कुणीच म्हणणार नाही. म्हणून मुदतवाढ दिसली की सदस्याच्या खिशाकडंच बोट दाखवणं मला पटत नाही. राज्यं तारखा मागतात, कागद वेळेवर देत नाहीत, सदस्याची जागा रिकामी झाली तर भरत नाहीत.

---

वकीलबुवा

येळ्ळूरकरांचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही. बैठकीवर पैसे दिले की तारखा वाढतात, हे खासगी लवादांत आम्ही रोज बघत होतो. म्हणून २०१५ मध्ये लवाद कायदा बदलला. आता दाव्याच्या रकमेनुसार फीचं कोष्टक जोडलंय आणि कमाल मर्यादा तीस लाखांची. निवाड्याला बारा महिन्यांची मुदत. सहा महिन्यांत दिला तर दोन्ही पक्षांच्या संमतीने जादा फी घेता येते. आणि उशीर लवादामुळेच झाला असं कोर्टाला दिसलं, तर मुदत वाढवताना दर महिन्याला पाच टक्क्यांपर्यंत फी कापता येते.

नेमका शब्द आहे "लवादामुळे". पक्षकारांनी केलेल्या उशिराची शिक्षा लवादाला नाही.

पाणीतंटा कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने तीन वर्षांची मुदत घातली, फार तर दोन वर्षं वाढ. तिथं दात नाहीत. वेळेवर दिल्यावर बक्षीस नाही, उशिराला कपात नाही. पुढे एकच कायमचं न्यायाधिकरण करायचं विधेयक आलं, २०१९ मध्ये लोकसभेत मंजूरही झालं, राज्यसभेत राहिलं.

माझं मत: सल्लागार आयोगांना एकूण मानधन आधीच ठरवून द्यावं. काही भाग सुरुवातीला, काही सुनावणी संपल्यावर, मोठा भाग अहवाल दिल्यावर.

---

अनगोळची_सून

वकीलसाहेब, हे निवृत्त न्यायमूर्तींना जमेल, त्यांच्या घरी पेन्शन येतं. मोठा भाग शेवटी म्हणजे शिकवणीवाल्या मुलीने तोपर्यंत काय खायचं? तुमची पद्धत आयोगाला लावा, समितीला लावू नका. समितीला महिन्याच्या पाच तारखेला पैसे द्या. रक्कम थोडी कमी असली तरी चालेल, पण तारीख पक्की पाहिजे.

---

वकीलबुवा

मान्य. आयोगाचं काम कधीतरी संपतं, समितीचं रोज चालू असतं. दोघांना एक नियम लागणार नाही.

---

निपाणीकर

आणि घाई करून दिलेल्या अहवालाचं काय? महाजनांना बक्षीस मिळालं असतं तुमच्या पद्धतीने! 😀

भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचंही बोला. अनुच्छेद ३५०-ब खाली १९५७ पासून हे पद आहे. अहवाल राष्ट्रपतींकडं, तिथून संसदेत. जिथं एखादी भाषा बोलणारे पंधरा टक्क्यांच्या वर तिथं महत्त्वाचे सरकारी कागद त्या भाषेत द्यायचे, हे सूत्र किती जुनं आहे. आपल्या तालुक्यांत फलक बघा, उतारे बघा. पद आहे, अहवालही निघत आले. ऐकणाऱ्यावर काही बंधन नाही, एवढंच. इथं मानधन दुप्पट करून तरी काय होणार?

---

शहापूरकर

निपाणीकर, तुमचा राग योग्य जागी आहे, पण तो सदस्याच्या मानधनाला लागू होत नाही. शिफारस नाकारायचा हक्क सरकारकडं राहणारच, निवडून आलेलं आहे ते. नाकारताना मुद्देसूद कारण द्यायला लावता येईल. आज "अमान्य" एवढा शब्द पुरतो.

मला आता एवढंच पाहिजे की म्हादई लवादावर एकूण किती पैसे गेले आणि त्यात मानधन किती, वकील किती, कचेरी किती, हे वेगवेगळं कळावं. माहितीच्या अधिकारात मागूया. कोण मसुदा करतंय?

---

कणकुंबीचा

मी सही करतो. मराठीत चालतंय काय?

---

वकीलबुवा

कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं आहे. म्हणजे इथं कन्नड. दिल्लीला हिंदीत पाठवा.

अर्ज दोन करावे लागतील. लवादाचा स्वतःचा खर्च केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाकडं, कारण लवाद केंद्राने नेमलेला. कर्नाटकाने वकिलांवर केलेला खर्च बेंगळुरूच्या जलसंपदा खात्याकडं. फी दोन्हीकडं दहा रुपये. केंद्राच्या नियमात पाचशे शब्दांपर्यंत लिहिता येतं. कर्नाटकाच्या नियमात दीडशे शब्द आणि एका अर्जात एकच विषय, त्यामुळे इकडचा अर्ज आखूड ठेवा.

---

अथणीकर

कन्नड मसुदा मी केलाय. चार प्रश्न: २०१० ते २०२० या काळात म्हादई लवादासमोर राज्याची बाजू मांडण्यावर वर्षवार एकूण खर्च, त्यात वकिलांची फी, अधिकाऱ्यांचा प्रवास आणि मुक्काम, आणि कळसा-भांडुरा कालव्याच्या कामावर झालेला खर्च.

---

वकीलबुवा

चौथा काढा. कालव्याचं काम हा वेगळा विषय म्हणून त्यावर बोट ठेवतील आणि उरलेल्या तिन्हींनाही उत्तर देणार नाहीत. त्याचा वेगळा अर्ज कणकुंबीकरांच्या नावाने जाऊ दे.